काटा का हलत नाही

मंगळवार, ४ फेब्रुवारी

जावईबापू,

आशीर्वाद आहेच. राग पण आहे, तो खाली येईल.

पाकीट बघून दचकला असाल. काय करू? फोन तुम्ही उचलत नाही. मेसेज करावा तर माझा फोन तुमची बायको रोज हातात घेते आणि "आई, कुणाकुणाला काय पाठवतेस बघू" म्हणत सगळा वाचून काढते. मग म्हटलं पत्र लिहू. सातवीपर्यंत शिकले त्यात एवढं एक नीट आलं होतं. मास्तर सांगायचे, आधी खुशाली, मग काम. तर खुशाली अशी, की मी बरी आहे, गुडघा जसा होता तसा आहे आणि तुमची बायको सायकलवर आहे.

आता काम. परत या.

अहो, माणसं घर सोडून जातात ती दारूपायी जातात, जमिनीपायी जातात, दुसऱ्या बाईपायी जातात. तुम्ही भोपळ्याच्या सुपापायी गेलात! शेजारीण विचारते, जावई दिसत नाहीत? मी सांगते, बदली झाली. खोटं पण नाही म्हणा. वर्षभर नको नको म्हणत होतात ती बदली एका दिवसात मागून घेतलीत. पण तिला खरं काय सांगू? की लेकीने रात्रीचं सूप फ्रिजमध्ये ठेवलं, सकाळी त्यावर थिजलेल्या चरबीची पिवळी चकती जमलेली निघाली, ती तिने सुरीने उचलून तुमच्या नाकासमोर धरली आणि म्हणाली, "सहा आठवडे मी भुकेने तडफडतेय, वजनाचा काटा हलत नाही म्हणून रडतेय, आणि तू यात हे घालतोस?"

तुम्ही एवढंच म्हणालात, "हे मी घातलेलं नाही." ती म्हणाली, "मग सूप कोणी केलं? भुताने?" त्यावर तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत. मी मटार सोलत होते. मी मटारांकडेच बघत राहिले.

तिने तुम्हाला खोटारडा म्हटलं. दीडशे रोग्यांच्या ताटातलं मीठ ग्रॅमवर मोजणारा माणूस तुम्ही, तुमच्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून आजवर एक वाटी चुकीच्या खाटेवर गेली नाही. तो शब्द तुम्हाला कुठे लागला ते मला कळलं.

पण तिची बाजू पण ऐका. सायकलने सहाशे किलोमीटर, चाळीस तासांत. गेल्या वर्षी बावीस मिनिटं उशीर झाला म्हणून नाव कापलं. वर्षभर ती बावीस मिनिटं तिच्या मानेवर बसलीत. त्यात तो तिचा शिकवणारा (मी त्याला घड्याळ म्हणते, माणसाशी बोलताना पण मनगटाकडे बघतो) म्हणाला, चार किलो उतरव, चढावर बावीस मिनिटं सहज निघतील. झालं. तेव्हापासून या घरात जेवण बंद आणि मोजणी सुरू.

बारा एप्रिलला तिची ती सहाशेची फेरी आहे. त्याआधी या. तुमच्याशिवाय ती सुटायच्या रेषेपर्यंत पण जाणार नाही, तोंडाने कितीही म्हणू दे.

तुमची सासू


शनिवार, १५ फेब्रुवारी

जावईबापू,

तुमचं कार्ड मिळालं. चार ओळी! "मी ठीक आहे. जेवण बरं आहे. गुडघ्याला शेक घ्या. मी विचारलं म्हणून तिला सांगू नका." विचारलं कुठे हो? सगळं कार्ड उलटंपालटं केलं, एक प्रश्न सापडला नाही. तुमचं प्रेम पण दवाखान्याच्या मिठासारखं आहे, चिमटीने.

इथली बातमी वाईट आहे, कारण ती चांगली आहे. काटा हलला. पहिल्या आठवड्यात सातशे ग्रॅम, दुसऱ्या आठवड्यात सहाशे. सकाळी न्हाणीघरातून ओरडत आली, ओल्या पायांनी, मला वाटलं पाल दिसली. "बघ! तो गेला आणि काटा हलला! आता आणखी काय पुरावा पाहिजे?" मी हातातला पाव ताटलीत परत ठेवला.

आता स्वतःच रांधते. रांधते म्हणजे काय, उकडते. सकाळी चाळीस ग्रॅम ओट्स, निळ्या झाकणाचं ते बिनसायीचं दूध, दोन अंडी, त्यातलं एक पिवळं बेसिनमध्ये. दुपारी डब्यात एक बटाटा आणि काकडी. रात्री तेच तुमचं सूप, पण त्याला चव अशी की भोपळा नुसता पाण्यातून चालत गेलाय. आणि एवढ्यावर रविवारी सहा तास सायकल! बरोबर एक केळं. घड्याळ म्हणतो, रिकाम्या पोटी चालवलं की अंगातली चरबी जळते. मला तरी तिचा स्वभावच जळताना दिसतोय. परवा मी पाव भाजला तर म्हणाली, "आई, तू मुद्दाम वास सोडतेस." आता वास काय मी बांधून ठेवू?

तिच्या चष्म्याच्या कारखान्यात पण गडबड चाललीय. एका म्हाताऱ्याची काच अर्ध्या नंबराने चुकीची घासली. बारा वर्षांत पहिल्यांदा. घरी येऊन सांगितलं नाही, डबा धुताना स्वतःशी पुटपुटत होती ते मी ऐकलं.

मी म्हटलं, जावयाला फोन कर. तर म्हणते, "काटा खोटं बोलत नाही, आई. माणूस बोलतो."

या घरात तुमच्या बाजूने बोलणारं कोणी नाही. मी आहे, पण मला सुचत नाही. सुचेल. मी पण काही कमी नाही.

तुमची सासू


गुरुवार, २७ फेब्रुवारी

जावईबापू,

पाय पसरून बसा आणि वाचा. तुम्ही सुटलात!

काटा थांबला. दहा दिवस झाले, एक ग्रॅम खाली नाही, उलट दोनशे वर. मी टपूनच होते. ती न्हाणीघरातून आली तोंड पाडून, आणि मी कपबशी खाली ठेवून विचारलं, "का गं बाई, आता कोण घालतंय? जावई तर पाच तासांच्या अंतरावर बसलाय. तिथून फुंकर मारून लोणी पाठवतो की काय?"

ती खुर्चीवर बसली, एक मोजा घातला, दुसरा हातातच राहिला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तो नव्हता?"

बघा! माझ्या कानांनी ऐकलं. मला वाटलं आता फोन घेईल. फोन घेतला पण, आणि लावला कोणाला, तर त्या घड्याळाला! तो म्हणाला, शरीर हट्टाला पेटलंय, जेवणातून आणखी दोनशे कॅलरी कमी कर आणि लांबच्या फेरीला केळं पण नेऊ नकोस. हिने मान डोलावली. फोनवर मान डोलावून काय उपयोग, पण डोलावली. मी म्हटलं, त्याला सांग, एक दिवस उपाशी राहून नुसतं घड्याळाकडे बघून दाखव. तर माझ्यावरच डोळे वटारले.

त्यामुळे आनंद अर्धाच. तुम्ही सुटलात आणि ती आणखी अडकली. माझं डोकं चालेनासं झालंय. एक गाठ सोडवावी तर दुसरी बसते.

पण तुमच्यापुरतं तरी झालं ना? सुपात दोन चमचे काय पडले आणि केवढा गोंधळ. आता तुम्ही तिला फोन करा. तुम्ही आधी केलात तर तिची मान राहील. तिची राहिली की तुमची आपोआप राहते, हे लग्न होऊन एवढी वर्षं झाली तरी मला सांगावं लागतंय.

तुमची सासू


शुक्रवार, ७ मार्च

जावईबापू,

या वेळी दोनच ओळी. "आई, दोन चमचे हे तुम्हाला कसं कळलं? आणि काटा आता कोणी थांबवला?" बाकी कार्ड कोरं. एवढं कोरं कार्ड मी आयुष्यात पाहिलं नाही. तीन दिवस ते माझ्या खिडकीत पालथं ठेवलं आणि येता जाता त्याच्याकडे पाठ करत होते.

बरं. मी.

घ्या, लिहिलं. हात काही झडला नाही.

तुम्ही सकाळी सूप करून ठेवायचात. दोघं कामावर गेलात की मी त्यात दोन चमचे लोणी सोडायची, माझ्या पावाचं. ओट्सच्या बरणीत बदामाची पूड, बारीक, दिसू नये अशी. आणि निळ्या झाकणाच्या बाटलीतलं दूध मी पिऊन टाकायची आणि तिच्यात सायीचं भरायची. ते निळं दूध पण काय दूध म्हणायचं! पांढरं पाणी. ते मी गिळलं हे तरी माझ्या नावावर लिहा.

का, ते पण सांगते. डिसेंबरात ती मोजे काढायला वाकली आणि सदरा वर सरकला. पाठीचे मणके एकेक दिसले. तुमचे सासरे शेवटचे दोन महिने अंथरुणावर होते, तेव्हा मी रोज असेच मणके ओल्या फडक्याने पुसायची. कोणता मणका बाहेर आला आहे, कुठे कातडी लाल आहे, सगळं हाताला पाठ. तिची पाठ बघितली आणि माझा हातच चालायला लागला, मी कुठे काय ठरवलं.

तुम्ही गेलात तेव्हा मी घाबरून हात आखडला. खरंच, एक थेंब नाही. म्हणून तर काटा हलला, आणि तुम्ही चोर ठरलात! मग तुम्हाला सोडवायला मी परत सुरू केलं. तुम्ही सुटलात, तर ती आणखी कमी खायला लागली. आता तुम्हीच सांगा मी काय करू. घातलं तर ती जेवण तोडते, नाही घातलं तर तुमच्यावर आळ. सगळ्या बाजूंनी माझंच डोकं भिंतीवर.

तिला सांगा म्हणाल. सांगून काय होईल? थोरल्या मुलाकडे पाठवेल मला. तिथे सोफ्यावर बसायच्या आधी सूनबाईंच्या तोंडाकडे बघावं लागतं, आणि थोरला टीव्हीकडे बघतो. इथे मला माझी खिडकी आहे. तुम्ही संध्याकाळी आल्यावर "आई, आज काय खोड्या?" म्हणून विचारता. तिथे कोण विचारणार आहे?

बारा एप्रिल होऊ दे. मग सांगते. तोवर एवढं तुमच्या माझ्यात ठेवा.

सासू


सोमवार, १७ मार्च

जावईबापू,

तुम्ही लिहिलंत, "मला नको, तिला सांगा. आजच." ते पत्र मी पिठाच्या डब्यामागे ठेवलं. म्हटलं दोन दिवस मुरू दे.

शनिवारी तिची सरावाची फेरी होती, तीनशे किलोमीटर. पहाटे गेली. दोन बाटल्या पाणी आणि खिशात काही नाही. मी दारात म्हटलं, एक केळं तरी. "आई, प्लीज." एवढंच.

दुपारी तीनला फोन. "आई, मला झाकण उघडता येत नाहीये." मी म्हटलं कसलं झाकण? "पाण्याच्या बाटलीचं. बोटं ऐकत नाहीत." आवाज असा, जसा लहानपणी ताप चढल्यावर यायचा. मग कोणा माणसाने फोन घेतला. पेट्रोल पंपावरचा होता. म्हणाला, "मावशी, बाई सायकलसकट कडेला आडव्या झाल्या होत्या. लागलं नाही. गोड चहा दिलाय. कोणीतरी या."

शेजाऱ्यांना गाडी काढायला लावली. पोचले तेव्हा ती उलट्या क्रेटवर बसून बिस्किटं खात होती. पुड्यातली बिस्किटं, न मोजता, एकामागून एक, गालांवरून पाणी वाहतंय आणि तोंड चालू आहे. मला बघून पुडा लपवला, जावईबापू. माझ्यापासून पुडा लपवला.

गाडीत सांगितलं. मागच्या सीटवर, तिचं हेल्मेट मांडीवर घेऊन. लोणी, पूड, दूध, तुम्ही गेल्यावर थांबले ते, परत सुरू केलं ते. ती खिडकीबाहेर बघत होती. शेवटी विचारलं, "त्याला माहीत आहे?"

"हो. मी लिहिलं."

"कधी?"

"आठवडा झाला."

तिने तिथेच फोन लावला, आणि या वेळी तुम्ही उचललात. आवाज मोठा केला मला ऐकू यावं म्हणून. "तुला कधी कळलं?" तुम्ही म्हणालात, "त्याच दिवशी. चकती लोण्याची होती, मी तेलात करतो. घरात लोणी आईच खातात."

त्याच दिवशी!

अहो, मग सहा आठवडे मी इथे काय करत होते? तुम्हाला सोडवायला दुधाच्या बाटल्या भरत होते! आणि तुम्ही तिकडे सगळं माहीत असून "गुडघ्याला शेक घ्या"! बोलला का नाहीत? त्याचं कारण पण फोनवर सांगितलंत, ते मी ऐकलं. "आईंना थोरल्याकडे पाठवलं असतंस." किती मोठं मन हो तुमचं. त्या मोठ्या मनाखाली आम्ही दोघी चेपून गेलो. दोन शब्द बोलला असतात तर मी चार दिवस रडले असते, ती आठ दिवस फुगली असती आणि ती पंपावर आडवी झाली नसती. मला वाचवायला कोणी सांगितलं होतं?

चिडले आहे. तुमच्यावर आणि माझ्यावर. कोणावर जास्त ते अजून ठरत नाही.

पण ती काय म्हणाली ते ऐका, तुम्ही फोन ठेवल्यावर. ओरडली नाही. म्हणाली, "माझ्या ताटात काय पडतं ते एकीने ठरवलं. दुसऱ्याने ते लपवलं. मी त्या रस्त्यावर मेले असते तर तुम्ही दोघांनी एकमेकांना पत्रं लिहिली असती."

दीड महिना मी तुमच्या अब्रूची काळजी करतेय. तुमची चूक नाही, तुमच्यावर आळ, तुम्हाला सोडवायचं. फसवलं कोणाला होतं, ते त्या गाडीत कळलं.

परवापासून माझ्याशी बोलत नाही. थोरल्याचं नाव पण काढलं नाही. काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

सासू


रविवार, ३० मार्च

जावईबापू,

तुमची तीन पाकिटं तिच्या टेबलावर आहेत. फोडली आहेत. वाचताना मी बघितलं नाही, कारण मला स्वयंपाकघरात शिक्षेला बसवलं होतं. त्याचं सांगते पुढे.

घड्याळाला तिने रामराम ठोकला. आता एका आहारवाल्या बाईंकडे जाते. मला पण नेलं, "तूच सांग काय काय घातलंस ते" म्हणून. शाळेत उठाबशा काढल्या होत्या तेव्हा एवढी लाज वाटली नव्हती. मी सांगत गेले, बाई लिहीत गेल्या. मग त्यांनी तिची वही उघडून त्यातल्या फेऱ्यांच्या वेळा आणि माझ्या लोण्याचे आठवडे शेजारी शेजारी ठेवले. सगळ्यात जोरात सायकल त्याच आठवड्यांत पळाली होती!

मी नुसती मान ताठ केली, बस. बाई म्हणाल्या, लांब चालवायच्या दिवशी तोडायचं नसतं. चालवता चालवता दर तासाला केळं, जॅमचा पाव, साखरेचं पाणी, काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. वजन उतरवायचं असेल तर स्पर्धा झाल्यावर, हळूहळू, आठवड्याला पाव किलो, तेही आरामाच्या दिवशी थोडं कमी खाऊन. आणि सध्या उतरवायचंच नाही. मी म्हटलं, मी तेच तर...

"आई," ती म्हणाली, "तुझं बरोबर निघालं म्हणून तू बरोबर होत नाहीस."

मान परत खाली.

बाहेर आल्यावर तिने शिक्षा सुनावली. ती स्वतः फेब्रुवारीत जे खात होती ते मी तीनेक आठवडे खायचं. ती मोजणार, ती वाढणार, मी काही विचारायचं नाही. मी म्हटलं, बस एवढंच? मला वाटलं थोरल्याकडे पाठवशील. "तिथे तुला पोटभर मिळेल," म्हणाली.

सहावा दिवस आहे. चाळीस ग्रॅम ओट्स म्हणजे किती ते तुम्हाला माहीत आहे, पण पोटाला कधी माहीत झालं नसेल. भांडं उघडलं की मला वाटतं कोणीतरी आधीच खाऊन गेलंय. काल शेजारणीच्या पोराला उगाच झापलं. परवा कपाटाचं दार आपटलं. ती समोर बसून बटाटे, अंडी, जॅमचा पाव खात होती, शांतपणे, आणि माझ्याकडे बघत होती. ती पाव भाजत होती तर माझ्या तोंडून निघालं, "मुद्दाम वास सोडतेस." तिला हसू आलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मला इतका राग आला की मी पण हसले.

आणि आज दुपारी. तिने बटाटा आणि काकडी वाढली, समोर बसली आणि विचारलं, "पुरेल का?"

मी सवयीने "हो हो" म्हणणार होते. मग म्हटलं, "नाही गं. नाही पुरत. सकाळपासून चक्कर आल्यासारखं होतंय."

तिने लगेच माझं ताट ओढलं आणि वाढलं. पाव, अंडी, लोणी पण. माझ्याच डब्यातलं. मग म्हणाली, "एवढंच मला विचारायचं होतंस, आई. डिसेंबरात. मी नाही पुरत म्हणाले असते. मला कोणीतरी विचारायची मी वाट बघत होते. घड्याळ सांगायचा, तुझा जावई मोजायचा, तू लपवायचीस."

शिक्षा संपली. मी जेवले. जेवताना रडणं जमत नाही, ठसका लागतो.

मग हात पुसत म्हणाली, "त्याला लिही. ये म्हणावं, बारा तारखेच्या आधी. मी फोन करणार नाही, मला शब्द सापडत नाहीत. सुपाचं मी त्याला जे म्हणाले ते चुकलं, एवढं लिही. आणि लिही की मी अजून चिडलेली आहे."

लिहिलं. दोन्ही.

तर निघा आता. बदलीचं काय ते नंतर बघा. आल्यावर ती तुम्हाला पण जेवायला वाढेल, मोजून, आणि समोर बसून विचारेल. तेव्हा तो तुमचा मोठेपणा बाहेर चपलांपाशी ठेवा. भूक लागली असेल तर लागली म्हणा.

तुमची सासू